बालानगरचा कारखाना चारुलतेच्या नावे

मी, मुकुंदराव किशनराव तौर, वय अडुसष्ट, धंदा यंत्रे बांधणे, मूळ गाव परभणीकडचे, राहणार गौलीगुडा, हैदराबाद, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकील दिलीपराव म्हणतात की कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

हे लिहिण्याचे कारण असे. माझ्यामागे बालानगरचा कारखाना विकून टाकावा, असा माझा मुलगा विक्रम आणि माझे मेहुणे हिम्मतराव यांचा बेत आहे. कारखाना गेली चार वर्षे माझी मुलगी चारुलता चालवते. तिला कोणी विचारलेले नाही.

एक. गौलीगुड्याचे राहते घर माझी पत्नी सावित्रीबाई हिच्याकडे ती हयात असेपर्यंत राहील, आणि तिच्यामागे विक्रमकडे जाईल. पुढच्या खोलीतला पंखा खडखडतो. तो दुरुस्त करू नये, त्या आवाजाशिवाय तिला झोप येत नाही.

दोन. बँकेतल्या माझ्या सर्व ठेवी विक्रमला द्याव्यात. त्याला दिलसुखनगरात संगणकाचे वर्ग काढायचे आहेत, ते यातून आरामात निघतील, कारखाना विकावा लागणार नाही. लोखंडाचा वास त्याला लहानपणापासून सोसत नाही. हा काही गुन्हा नव्हे, आणि माझा त्याच्यावर राग नाही.

तीन. माझी हत्यारे. यंत्राचा एखादा भाग सरळ पुढे जाऊन सरळ मागे यायचा, तर त्याला चालायला पट्टी लागते. आयुष्यभर मी या पट्ट्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, केल्या आणि हाताने खरवडल्या. निळा रंग लावायचा, सपाट पाटा फिरवायचा, उंचवटा दिसेल तिथे पाते चालवायचे, पुन्हा रंग लावायचा. मला वाटे, जगात सरळ काही चालत असेल तर ते असेच घाम गाळून चालते. मग परदेशी मालाला दारे उघडली आणि राणीगंजातल्या एका दुकानदाराने काचेवर एक पोलादी रेल ठेवली. तिच्यावर मुठीएवढा ठोकळा होता. मी तो एका बोटाने ढकलला. तो गेला, आणि जातच राहिला. मी हात मागे घेतला, देवळातल्या घंटेला पहिल्यांदा हात पुरल्यावर मूल घेते तसा. मला त्या क्षणी हेवा वाटायला हवा होता, पण आनंदच झाला. मी मरायच्या आत हे पाहायला मिळाले, असे वाटले. माझी पाती आणि पाटा चारुलतेला द्यावेत. तिला त्यांचा उपयोग आहे.

चार. कारखान्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

बेगम बाजारातल्या हळदीच्या एका व्यापाऱ्याने आमच्याकडे पुड्या भरायचे यंत्र सांगितले होते. शेठजींची अट एकच: "मशीन हल्लू चलो, मगर बंद नक्को पडो." भरणारा भाग पुढे-मागे पळवायला मी अर्थातच तीच नवी रेल बसवली, जिचा ठोकळा आतल्या बारीक पोलादी गोळ्यांवर पळतो. नवीन सून घरात आली की सगळी कामे तिलाच सांगावीत, तसे माझे झाले होते. गेल्या वर्षी यंत्र तयार झाले तेव्हा खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. पूजेला हिम्मतराव बसले. जुन्या यंत्रांना वाहतात तशीच त्यांनी रेलवर सढळ हाताने हळद वाहिली आणि वर नारळाचे पाणी शिंपडले. बिडाच्या पट्टीने आयुष्यभर हे सोसले होते. दसऱ्याला बटण दाबले, ठोकळा वीतभर सरकला आणि अडकून बसला.

हिम्मतराव म्हणाले, "दाजी, परदेशी माल है. पूजा नक्को बोलतंय बघा."

सगळे हसले. चारुलता हसली नाही. तिने ठोकळा काढला, पेपरवर उघडला. आत गोळ्यांची रांग होती. पुढे गेलेली रांग पोटातल्या बोगद्यातून मागे येते आणि पुन्हा पुढे निघते. एवढ्याशा जागेत हे कोणी योजले असेल, याचे मला इतके नवल वाटले की मी यंत्र बंद पडल्याचे विसरलो. बोगद्यात हळदीचा चिखल बसला होता. ती तो काडीने काढत म्हणाली, "बाबा, मामांनी चिमूटभर टाकली. शेठजींकडे ती रोज हवेत उडणार आहे."

मी म्हणालो, "पण याहून चांगली रेल कुठंय?"

"चांगली रेल अशी नसतेच बाबा. यंत्र राहणार कुठं, ते आधी बघायचं."

चाळीस वर्षांच्या कामात मला हे वाक्य सुचले नव्हते. मी पट्टीकडे पाहत आलो, तिने बाजाराकडे पाहिले. तिने गोळ्यांची रेल काढून रुळाच्या कडेवर धावणारी, खाच असलेली उघडी चाके बसवली. ती चालताना वाटेतली पावडर आपोआप बाजूला ढकलतात. गोळ्यांची रेल तिने औषधाच्या कंपनीसाठी ठेवली, तिथली हवासुद्धा गाळलेली असते. आणि दणके खाणाऱ्या, लोखंड तासायच्या यंत्राला तिने माझी बिडाची पट्टीच दिली, माझे मन राखायला नव्हे, तिथे तीच लागते म्हणून.

पुढे मी बेगम बाजारात गेलो आणि पोत्यावर बसून ते यंत्र पाहिले. भिंती, हमाल, छत, यंत्राचे अंग सगळे पिवळे होते. चाके जिथून जात होती तेवढी रुळाची कड चकचकीत होती. शेठजींनी दोनदा चहा विचारला. हे माझ्या मुलीचे काम आहे, एवढेच मनात येत होते.

म्हणून बालानगरचा कारखाना, जागा, यंत्रे आणि नावासकट, मी चारुलतेला एकटीला देतो. तिने लग्न केले तरी तो तिचा, नाही केले तरी तिचा. कोणतीही अट नाही. माझ्या हातची बिडाची पट्टी उद्या तिला कुठेच नको झाली, तर ती भंगारात घालावी. बापाची म्हणून ठेवू नये.

पाच. मशीन आपल्या हळदीने वाचले, असे हिम्मतराव वर्षभर सांगत आहेत. ते खरे आहे. त्याबद्दल हिस्सा मिळत नाही.

साक्षीदाराच्या पदरात काही पडणार नसले तर बरे, असे दिलीपराव म्हणाले, म्हणून मी हिम्मतरावांनाच बोलावले. उद्या कोर्टात जाण्याची शक्यता असलेला माणूस तोच आहे. सगळे वाचून ते म्हणाले, "मैं कायकू सही करूं, दाजी? पोरीचं लग्न झालं की कारखाना जावयाचा."

मी म्हणालो, "पटलं म्हणून करू नका. मी शुद्धीवर आहे, एवढं खरं असेल तर करा."

ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. सावित्रीबाईने त्यांना पेन आणून दिले. हिम्मतराव भांडखोर आहेत, पण ते खोटे बोललेले मी कधी ऐकलेले नाही. पेन अजून त्यांच्या हातात आहे. मी माझी सही करतो आणि कागद त्यांच्यापुढे सरकवतो.

ठिकाण: गौलीगुडा, हैदराबाद
दिनांक: २३ नोव्हेंबर १९९७

लिहून देणार: मुकुंदराव किशनराव तौर

साक्षीदार:
१. दिलीप नरहर कंधारकर, वकील
२. हिम्मतराव माणिकराव लोमटे. मजकूर मान्य नाही. दाजी पूर्ण शुद्धीवर आहेत, कोणीही विचारले तरी हेच सांगेन.