काचेवरचा आकडा पुसू नये

मी, मार्ली टॅकेट डिझॉन, वय सव्वीस, राहणार लायमा, ओहायो, हे माझं मृत्युपत्र माझ्या हातानं लिहितेय. डोकं जागेवर आहे, कुणी जबरदस्ती केलेली नाही. गुरुवारी माझ्या काळजातली झडप बदलणार आहेत. भीती वाटते, म्हणून अक्षर वाकडं आलंय. त्यावरून कोर्टानं मला वेडी ठरवू नये.

१. माझी मुलगी टेसा, वय तीन, तिच्या बापाकडेच राहील, म्हणजे माझा नवरा रोमेल याच्याकडे. पण दर रविवारी ती माझ्या पप्पांच्या, व्हर्लिन टॅकेट यांच्या, गॅरेजमध्ये जाईल. नेणार रोमेल. फाटकात सोडून पळायचं नाही, आत जाऊन बसायचं. पप्पा, रोमेल, दोन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. मी गेले तर माझी पोर तुमच्या अबोल्यात अडकेल, याची मला डॉक्टरांच्या सुरीपेक्षा जास्त भीती आहे.

२. माझी पंचाण्णवची होंडा सिविक. इंजिन जपानहून मागवलेलं, टर्बो मी स्वतः बसवला, टेसा पोटात असताना. ती गाडी पप्पांना. होय पप्पा, तुम्हालाच. तुम्ही तिला शिवणयंत्र म्हणता. "परदेशी डबा माझ्या छपराखाली नको," म्हणालात आणि बर्फात बाहेर लावायला लावलीत. आता ती तुमच्या लाडक्या अमेरिकन गाडीशेजारी, सत्तर सालच्या शेव्हेलशेजारी उभी राहील. छपराखाली.

३. सिविकची सगळी अवजारं, आणि इंजिनाला पेट्रोल किती जायचं ते ठरवतो तो लॅपटॉप, रोमेलला. त्याच्याशिवाय पप्पांना ती नीट पळवता यायची नाही, आणि पप्पांकडे गेल्याशिवाय रोमेलला ती दिसायची नाही. हे मी मुद्दाम केलंय.

४. दोन वर्षांपूर्वीच्या, माझ्या नि पप्पांच्या त्या शर्यतीचं. पाव मैलाच्या पट्टीवर आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधीच बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं काचेवर लिहायचं असतं. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढं हळू गाडीला आधी सोडतात. लिहिल्यापेक्षा जोरात गेलात तर बाद. मी लिहिलं १२.९०, पप्पांनी ११.८०. पप्पा मला मागे टाकून गेले, पण ११.७८ मध्ये. बाद! रोमेल ओरडला, "काय सासरेबुवा, शिवलं ना शिवणयंत्रानं?" पप्पा म्हणाले, "तिनं नाही हरवलं. मी माझ्याच आकड्याला हरलो." तेव्हापासून हे असं.

पप्पा, खरं लिहिते. तुमची गाडी जास्त पळते. तिचे आठ सिलिंडर गरजले की टेसा पोटात उड्या मारायची. पण मी १२.९० लिहिलं आणि १२.९१ ला पोचले. ते कुणाकडून शिकले? "पोरी, बोलशील तेवढंच गाडीनं करून दाखव," असं तुम्हीच म्हणायचात. मी तुमचीच आहे, आणि मला त्याचा माज आहे. रोमेल, तू हसायला नको होतंस. माफी माग.

५. त्या दिवशीचा चषक टेसाचा. ती त्यात बिस्किटं ठेवते. ठेवू द्या.

६. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठव्या दिवशी घरी. मी सिविकच्या काचेवर पांढऱ्या पॉलिशनं मोठ्ठा ८ लिहून ठेवलाय. कुणी पुसू नये. बरोब्बर आठव्या दिवशी आले तर हा कागद मी स्वतः फाडीन. त्याआधी आले तर मी बाद, पप्पा. तुम्ही जिंकलात.

सही: मार्ली टॅकेट डिझॉन
लायमा, ओहायो. मंगळवार, १४ मे २०१९.

समोर बसून सही पाहिली. आम्हाला यातलं काही मिळायचं नाही:
ओपल रिट्झ, शेजारीण
ड्वेन कुग्लर, पट्टीवर वेळ नोंदवणारा