धरलेला माणूस

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. हे २०१८ साल आहे. मी आयर्लंडमध्ये नावन नावाच्या गावात राहते आणि जवळच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सीची डॉक्टर आहे, निदान मागच्या महिन्यापर्यंत होते.

तालुक्याच्या कोर्टापासून तुम्ही सत्र न्यायाधीशापर्यंत गेलात. दर तीन वर्षांनी बदली, नवा बंगला, माझी नवी शाळा. लोक अजून तुमच्या निकालांबद्दल बोलतात, मला मात्र तो एक दिवस आठवतो. मी चौदा वर्षांची, परीक्षा संपली म्हणून तुमच्या कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसलेली. गिरणीतल्या भागीदाराला कुऱ्हाडीनं तोडणारा माणूस पिंजऱ्यात उभा आहे. तुम्ही जन्मठेप वाचून दाखवता आणि तो कठड्यावरून उडी मारून थेट तुमच्या टेबलावर येतो. हातात घासून धार लावलेला चमचा. तुमचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडतो, निकालाच्या कागदांवर रक्त सांडतं. शिपाई त्याला खाली पाडतात. दोघं त्याच्या पाठीवर बसलेत, तिसरा बुटानं त्याचं तोंड ठेचतोय. तुम्ही एका हातानं गाल धरून ओरडता, "हात आवरा! धरलाय ना त्याला? मग आता त्याला मारायचं नाही."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई तुम्हाला वाटीनं पेज भरवत होती. गालाला बावीस टाके होते. मी म्हणाले, "ठेचूनच मारायला हवं होतं त्याला." तुम्ही उठलात आणि माझ्या मुस्काटात मारलीत. आयुष्यात एकदाच. मी भिंतीवर आपटले, ओठ फुटला. आई किंचाळली, "अहो, लेकरू आहे ते!" तुम्ही स्वतःच्या हाताकडे बघत राहिलात आणि आत गेलात. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

मागच्या वर्षी एका रविवारी दुपारी आमच्याकडे हात कापलेला एक माणूस आला. धिप्पाड, प्यायलेला. मी टाके घालायला वाकले तशी त्यानं माझी मान पकडली. सोडवायला आलेल्या नर्सला त्यानं असा ठोसा मारला की तिचं नाक मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या डोळ्यांपुढे अंधार येत होता. मग सिक्युरिटीचे दोघं धावत आले, त्याला फरशीवर गुडघ्यांवर पाडलं आणि हात मागे पिरगाळून धरले. मी खोकत उठले, स्टीलचा ट्रे उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. एकदा. मग पुन्हा. त्याचे पुढचे दोन दात फरशीवर पडले.

नाकातून रक्त गळत असताना ती नर्स मला म्हणाली, "यू आर ग्रँड, डॉक्टर, काळजी नको. आम्ही काही पाहिलं नाही." पोलिसांना मी लिहून दिलं की झटापटीत ट्रे लागला.

मागच्या महिन्यात त्याच्यावरची केस उभी राहिली तेव्हा त्याच्या वकिलानं विचारलं, "डॉक्टर, दात पडले तेव्हा माझ्या अशिलाचे हात कुठे होते?" हो-नाही करण्याइतका वेळ होता. मी म्हणाले, "पाठीमागे. दोघांनी धरले होते. आधी मी खोटं लिहून दिलं होतं." न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं.

त्याला शिक्षा झालीच, पण मी सांगितल्यामुळे थोडी कमी. माझी चौकशी सुरू झाली, काम थांबलं. गाडीत नवरा म्हणाला, "कोणी पाहिलं नव्हतं गं. कशासाठी बोललीस? घराचे हप्ते, पोरीची शाळा, काहीच डोक्यात आलं नाही?" मी तुमचं नाव घेतलं. तो म्हणाला, "ते गेलेत. आपल्याला जगायचंय." त्याचंही चूक नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण कोर्टात मी सगळं सांगितलं नाही. पहिल्या फटक्यानंतर त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तो "प्लीज" म्हणाला. मला नीट ऐकू आलं होतं. दुसरा मी त्यानंतर मारला, आणि मारताना मला बरं वाटत होतं.