उष्ट्याची बादली

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण पाचव्या मिनिटाला भांडतो, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्रच लिहिते आहे. बातमी गोड आहे, फक्त त्यात साखर नाही. तीन वर्षं मी ज्याच्यावर डोळे फोडले तो शाळेच्या जेवणाचा तक्ता साहेबांनी एकदाचा मंजूर केला, आणि तीन महिन्यांच्या चाचणीसाठी शाळा ठरली तुझी. नाव मीच सुचवलं. तिथली स्वयंपाकीण माझी सख्खी बहीण आहे, एवढं मात्र सांगितलं नाही.

तक्ता सोबत आहे. भाज्या आणि कडधान्यं उकडून, तेल नावापुरतं, मीठ निम्मं, तळणं-परतणं बंद. रोज एक फळ, आठवड्याला तीन अंडी. जेवणं झाली की मुलांचं उष्टं बादलीत गोळा करून वजन करायचं. तीनशे मुलांमागे ते पाच किलोंच्या आत राहिलं, तर हा तक्ता सगळ्या शाळांना लागू होईल. रोज वहीत वजन लिहायचं आणि तक्त्याप्रमाणे शिजवलं म्हणून खाली सही करायची.

ताई, आपल्या मनाचं काही घालू नकोस. तुझा हात किती सैल आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? गुडघ्यांना जप. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी

१९ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता ओट्यासमोरच्या भिंतीवर चिकटवला आहे. मोठ्या बाईंनी त्याला प्लास्टिकचं कव्हर घालून दिलं. त्यांना शाळेचं नाव पेपरात यायला हवं आहे.

आता खरं सांगते. पहिल्या दिवशी बादलीत एकतीस किलो भरलं. दुसऱ्या दिवशी चौतीस. फळ आणि अंडं पोरं मिनिटात संपवतात, बाकीचं ताटात जसंच्या तसं. माझ्या मदतीला असलेल्या मावशी म्हणाल्या की एवढ्यात आणखी एक शाळा जेवली असती. तिसरीत एक चष्मेवाली आहे. तिच्या घरी सकाळी चूल पेटत नाही, दुपारचं हेच तिचं जेवण. पूर्वी ती दोनदा मागून घ्यायची. परवा तिने चार घास कसेबसे गिळले आणि पाणी पिऊन उठली. मला काही ते बघवलं नाही.

तुझ्या भाज्या चांगल्या आहेत गं. फक्त कांदा-लसूण थोडा परतू दे आणि मीठ माणसासारखं घालू दे. तक्त्यात एक ओळ बदल, एवढंच मागणं आहे. तब्येतीची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई

२७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक ओळ म्हणजे तुला काय सोपं वाटलं? त्या तक्त्यावर सात जणांच्या सह्या आहेत. ओळ बदलायची तर पहिल्यापासून सुरुवात, आणि साहेब तर टपूनच बसले आहेत. चाचणी फसली तर माझी जागा दुसऱ्याला देणार, हे त्यांनी सगळ्यांच्या देखत ऐकवलं. जिभेला वळण लागायला वेळ लागतो, असं आमचं शास्त्र सांगतं. मुलं दोन-तीन आठवडे नखरे करतील आणि मग खातील.

तू सगळ्यांच्या पोटाची काळजी करतेस, मग माझ्या पोटावर पाय का देतेस? रागाने लिहिते आहे, माफ कर. पण ताई, या खेपेला माझी लाज राख. आहे तेच मागते आहे, तुझं प्रेम.

तुझी,
धाकटी

२० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

घे, तुझ्या मनासारखं झालं. गेले बारा दिवस बादली चार किलोंच्या वर गेली नाही. मोठ्या बाई रोज स्वतः येऊन काटा बघतात. चष्मेवाली परत दोनदा वाढून घेते आणि पालकाची भाजीसुद्धा पुसून खाते.

तुमच्याकडचा तपासनीस आठवड्यातून एकदा येतो. त्याच्यासाठी नमुन्याचं पातेलं वेगळं झाकून ठेवलेलं असतं. तो एक चमचा तोंडात घालतो, तोंड वाकडं करतो, आणि उत्तम असा शेरा लिहून जातो.

आता सुखाने झोप आणि वेळेवर जेव. तू दुसऱ्यांना जेवणाचं शहाणपण शिकवतेस आणि स्वतः चहा-बिस्किटांवर जगतेस, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते उतू जातील इतके.

तुझी,
ताई

१६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिंकलो आपण. अहवालाच्या पहिल्याच पानावर तुझ्या बादलीचे आकडे आहेत. सप्टेंबरात मी पाहणीला आले तेव्हा मुलांच्या पंगतीत बसून जेवतानाचा फोटोही छापला आहे. साहेबांनी उठून हात मिळवला. तक्ता सगळ्या शाळांना लागू झाला.

आता जे लिहायचं आहे ते कसं लिहावं कळत नाही. उकडायचंच असेल तर प्रत्येक शाळेत चूल कशाला, अशी वरून विचारणा झाली. एका मोठ्या कारखान्यात तक्त्याप्रमाणे शिजवून बंद डबे पाठवायचे ठरलं आहे. एक नोव्हेंबरपासून तुमचं स्वयंपाकघर बंद होईल. तुला आणि मावशींना वर्षाचा पगार हातात मिळेल, तेवढं मी भांडून मिळवलं. गुडघे दुखतात म्हणत होतीस ना? आता माझ्याकडे राहायला ये. रागावू नकोस.

तुझी,
धाकटी

२१ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या नोकरीचं सोड. मी करायला गेले एक आणि झालं भलतंच. तू आधी हे वाच आणि मग खुर्चीवरून ऊठ.

ऑगस्टपासून मी दोन पातेली चढवत होते. लहान पातेलं तुझ्या तक्त्याप्रमाणे, तपासनीसासाठी. मोठं पातेलं मुलांसाठी. भाज्या त्याच, कडधान्यं तीच, तक्त्यातलं एक पानही मी गाळलं नाही. फक्त कांदा-लसूण परतून घेतला आणि मीठ-तेल हाताला कळेल तेवढं घातलं. तेल कमी पडायचं ते मी घरून आणायची. लहान पातेल्यातलं मी आणि मावशी जेवायचो. मावशींचं वजन उतरलं आणि स्वभाव चढला. आणि वहीत रोज मी खोटी सही केली.

आई गेल्यावर तू भोपळा बघून तोंड फिरवायचीस. मी तो कुस्करून भातात लपवायची आणि तू ताट चाटून पुसून ठेवायचीस. मला वाटलं, तसंच करावं. पोरंही जेवतील आणि तुझीही लाज राहील. मूर्ख मी. त्या कारखान्यातून लहान पातेलंच सगळ्या शाळांत जाणार आहे, धाकटे. एकतीस किलोंची बादली प्रत्येक शाळेत. अजून दहा दिवस आहेत. साहेबांना खरं सांग. सगळा दोष माझ्यावर घाल, मी कुठेही येऊन कबूल करते.

तुझी,
ताई

२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि फाडून टाकलं. तूही हे फाड. कारखान्याचं उद्घाटन झालं आहे, साहेबांना बढती मिळाली आणि त्यांची खुर्ची मला. आता तोंड उघडलं तर मी रस्त्यावर आणि तू खोट्या सह्यांसाठी चौकशीत. कुणाचं भलं होणार आहे त्यात?

आणि एक सांगून टाकते, नाहीतर माझ्या पोटात ते राहायचं नाही. सप्टेंबरात मी पंगतीत बसले होते. पहिल्याच घासाला मला कळलं. तुझ्या हातची चव मला कळणार नाही होय? मी मान खाली घालून सगळं जेवले, फोटो काढून घेतला आणि गाडीत बसले. तेव्हा बोलले असते तर ती एक ओळ बदलताही आली असती. बोलले नाही. मला जिंकायचं होतं.

आता हा विषय आपल्यात नको. पैसे जमा झाले का ते कळव. आणि माझ्यापासून तुटू नकोस एवढंच.

धाकटी

२४ नोव्हेंबर

धाकटीस,

पैसे जमा झाले.

डबे येतात. अकराच्या सुमारास गाडी येते, जेवणाला एक वाजतो, तोवर सगळं गार आणि चिकट होतं. उष्ट्याचं वजन आता कुणी करत नाही. चाचणी संपली आहे, असं मोठ्या बाई म्हणाल्या. दोन दिवस मी स्वतः जाऊन मोजलं, छत्तीस आणि चाळीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी काटा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मी साहेबांच्याही वरच्या साहेबांना सगळं लिहून कळवलं, माझ्या नावाने, खोट्या सह्यांसकट. तुला माहीत होतं हे लिहिलं नाही. ते लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव. काल उत्तर आलं. प्रकरण मिटलेलं आहे आणि माजी कर्मचाऱ्यांच्या तक्रारी विचारात घेतल्या जात नाहीत, असं त्यात आहे. खाली सही तुझी आहे. नव्या खुर्चीवरची सही छान वळणदार झाली आहे.

मी नसतं भरवलं तर तू उपाशी राहिली असतीस, असं मला आजवर वाटायचं. राहायला हवं होतंस एखादा दिवस. म्हणजे कळलं असतं.

आज शाळा सुटताना फाटकाशी चष्मेवाली भेटली. तिने माझा पदर धरला आणि विचारलं की आमचं काय चुकलं म्हणून तुम्ही जेवण बंद केलं. वर्गात कुणी दंगा केला असेल तर ती सगळ्यांच्या वतीने माफी मागेल म्हणाली.

तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. तुला सुचलं तर तिलाच लिही, शाळेच्या पत्त्यावर. तिला वाचता येतं.

ताई