राज्याचं चालतं

१२ मार्च २०२५
जिल्हा तुरुंग, अमेरिका

ती. प्रफुल्लदादास,
कमलेशचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचा पत्ता बघून दचकू नकोस. इथून फोन मिळतो, पण मधेच तुटतो आणि सगळं ऐकलं जातं. पत्रंही उघडतात, पण मराठी कोण वाचणार!

झालं असं. घरामागच्या माळावर रानडुकरं येतात. त्यांना हाकलायला मी बंदूक घेतलेली, इथे त्याचं कुणाला नवल नाही. पण बार उडाला की कल्पिता कान दाबून पलंगाखाली शिरायची. बाबांचे कान कंपनीतल्या मशीनने गेलेले, शेवटी शेवटी जेवायला बोलावलेलंही त्यांना ऐकू यायचं नाही. लेकीसाठी मला तीच भीती. म्हणून गावातल्याच दुकानातून सायलेन्सर आणला. बंदुकीच्या तोंडाला लावायची आवाज कमी करणारी नळी, बाकी काही नाही.

आमच्या राज्याने कायदा केलाय की सायलेन्सर राज्यातच बनला, राज्यातच विकला आणि राज्याबाहेर गेला नाही, तर केंद्राचा कायदा त्याला लागू नाही, नोंदणी नको. दुकानदाराने तो कायदा फ्रेम करून भिंतीवर लावलेला. आणि काही दिवसांत केंद्राचे पोलीस दारात! त्यांच्या लेखी बिननोंदणीचा सायलेन्सर म्हणजे बिननोंदणीची बंदूकच. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही, म्हणून पळून जाईन म्हणत जामीनही दिला नाही.

सरकारी वकिलाने तडजोड सुचवलीय. चौकशीत खोटी माहिती दिली असा किरकोळ गुन्हा कबूल करायचा, मग शस्त्राचं कलम निघेल आणि देशाबाहेर काढणार नाहीत. निशिगंधा म्हणते, सही कर आणि घरी ये. इथले राज्याचे पुढारी म्हणतात, लढ, राज्य तुझ्या पाठीशी आहे. वकीलही त्यांनीच दिलाय. मला काही सुचत नाही. बाबांच्या मागे तूच आहेस, तू सांगशील ते करेन.

आईला सांभाळून सांग. तुझा लोभ आहेच, तो लवकर कागदावर येऊ दे.

तुझा,
कमलेश


४ एप्रिल २०२५
मानपाडा, डोंबिवली पूर्व

चि. कमलेश यास,
दादाचे अ. उ. आशीर्वाद.

अरे वाघा! लवंगी फटाक्याला घाबरून आईच्या पदरात लपायचास, आणि आता डायरेक्ट अमेरिकेच्या केंद्र सरकारला नडलास?

सही-बिही काही करायची नाही. बैलगाडा शर्यतीचं काय झालेलं ते आठव. वरून बंदी आली, सगळे म्हणाले खेळ खलास. मग आपल्या राज्याने कायदा केला. तो कोर्टात लटकला, पण शेवटी बंदी उठलीच ना? आज आपली जोडी पुन्हा धुरळा उडवते. राज्याचं चालतं रे, फक्त माणूस टाइट उभा पाहिजे.

मानपाडा नाक्यावर मोठा बॅनर लावलाय. वर तुझा फोटो, खाली हात जोडून मी, आणि मधे लिहिलंय, 'अमेरिकेला भिडलेला मानपाड्याचा भूमिपुत्र'. पोरं गाडी थांबवून सेल्फी काढतात. महापालिकेची निवडणूक कधीही लागेल, माझं तिकीट जवळजवळ फिक्स आहे. आता तू माफी मागितलीस तर त्या बॅनरखालून मी कुठल्या तोंडाने जाऊ? निशिगंधाला म्हणावं, गायकरांच्या घरात आलीयस, जरा छाती मोठी कर. बायकांना रडायला निमित्तच लागतं.

आईला सांगितलंय की तू सरकारी कामात अडकलायस. ती मजेत आहे.

आशीर्वाद कमी पडू देणार नाही. तू कमी पडू नकोस.

दादा


२ मे २०२५

ती. भाऊजींना,
निशिगंधाचा सा. न.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे कुरियरने.

तुमचं पत्र यांनी काचेपलीकडून मला वाचून दाखवलं. तोवर सहीला तयार होते. त्या दिवशी नाही म्हणाले, आणि कल्पिता काचेवर हात ठेवून उभी होती तरी बैलांचंच बोलत राहिले.

न्यायाधीशांनी आत्ताच सांगून टाकलंय की केंद्राच्या कायद्यापुढे राज्याचा हा कायदा टिकत नाही, आणि खटल्यात पंचांसमोर, म्हणजे इथल्या ज्युरीसमोर, त्याचं नावही काढायचं नाही. म्हणजे यांच्याजवळ सांगण्यासारखं जे एकच होतं, तेच सांगता येणार नाही. तुमच्या शर्यतीचा नियम इथे चालत नाही, भाऊजी. वकिलाच्या हाताखालच्या बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढाऱ्यांना यांना सोडवायचंच नाहीये. वरच्या कोर्टात जाण्यासाठी त्यांना शिक्षा झालेला माणूस हवाय.

तडजोड महिनाअखेरपर्यंत उघडी आहे. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. सही कर, एवढे दोनच शब्द लिहा. मी उद्धटपणे लिहिलंय असं वाटलं तर मला हवं ते म्हणा, पण लिहा.

जाऊबाईंना नमस्कार. तुमच्या उत्तरावर आमचं घर टांगलेलं आहे.

निशिगंधा


२० ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निशिगंधाने तुला लिहिल्याचं नंतर कळलं. मी मे अखेरपर्यंत तुझ्या पत्राची वाट पाहिली. आलं नाही, म्हणजे तुझं म्हणणं बदललेलं नाही असं धरलं आणि सही केली नाही.

खटला बघता बघता आटोपला. वकिलाने 'राज्य' एवढा शब्द उच्चारला आणि न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं. दुकानदाराने स्वतःपुरती तडजोड करून माझ्याविरुद्ध साक्ष दिली. म्हणाला, केंद्राचा नियम सगळ्यांनाच माहीत असतो. मी त्याच्या भिंतीवरच्या फ्रेमबद्दल बोलायला उठलो, तर पोलिसाने खांदा दाबला. पंच माझ्याकडे असं बघत होते की मी कुणाचा तरी खून करून आलोय.

कैद फार नाही, ती भोगून झालेलीच धरली. पण शस्त्राचा गुन्हा लागला, म्हणून देशाबाहेर काढतायत, कायमचं. पुढाऱ्यांनी बाहेर टीव्हीवाल्यांना सांगितलं की हा तर फक्त पहिला टप्पा आहे. माझं नाव चुकीचं घेतलं. त्यानंतर कुणी भेटायला आलं नाही.

निशिगंधा येणार नाही. तिची हॉस्पिटलची नोकरी इथे, कल्पिता इथली नागरिक. म्हणाली, तू दादाचं ऐकलंस, आता दादाकडेच राहा.

दिवाळीनंतर विमानात बसवतील. माडीवरची माझी खोली मोकळी करून ठेव. आता तुझ्या लोभावरच राहायचंय.

कमलेश


२२ सप्टेंबर २०२५
मानपाडा

चि. कमलेश यास, आशीर्वाद.

वाईट झालं. बॅनर कधीच उतरवला. जगन पलीकडच्या पक्षातून उभा राहतोय, त्याची माणसं मोबाइलवर फिरवतायत की बंदूकवाल्याचा भाऊ नगरसेवक होणार. मी जाहीर सांगून टाकलं की तो आमच्यातून केव्हाच वेगळा झालाय, आमचा संबंध नाही. पॉलिटिक्समध्ये बोलावं लागतं, मनावर घेऊ नकोस.

मानपाड्यात येऊ नको. एअरपोर्टवर माणूस येईल, तो तुला मोहन्याला आत्याकडे सोडेल. तिकडे तुला कोण ओळखत नाही. माडीवर सध्या झेंडे ठेवलेत. आईला फोन करू नको, तिचा फोन तुझ्या वहिनीकडे असतो.

निशिगंधाचं कुरियर मिळालेलं. तेव्हा तिकिटाची धावपळ होती, राहून गेलं.

निकालानंतर बघू. तोवर आशीर्वाद इथूनच.

प्रफुल्ल


५ जानेवारी २०२६
मोहने

ती. आईस,
कमलेशचा शि. सा. नमस्कार.

फोन वहिनी उचलते आणि ठेवते, म्हणून ही चिठ्ठी दूधवाल्या विठ्ठलकाकांच्या हाती देतोय. मी इथे आत्याकडे आहे, दिवाळी झाल्यापासून.

काल राहवलं नाही, मानपाड्याला आलेलो. दारात प्रचाराची गर्दी होती. तू दादाला ओवाळायला ताट घेऊन उभी होतीस. मी गेटपाशी, अगदी तुझ्यासमोर. तू माझ्याकडे सरळ पाहिलंस. मग पोरांना म्हणालीस, हा कोण माणूस बघा, चहा पाजा आणि वाटेला लावा. मी चहा प्यालो आणि निघालो.

मी रागावलो नाही, आई. दाढी वाढलीय, डोक्यावरचे केस गेलेत, किती वर्षांनी बघत होतीस. आत्या म्हणते तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऊनही तोंडावर होतं. तुला दिसलंच नसणार.

कुणाला न सांगता एकदा ये. तुझ्यासमोर बसून जेवायचंय, दुसरं काही नको. तुझी माया आटलेली नाही एवढं मला ठाऊक आहे.

तुझा,
कमलेश


८ जानेवारी
मानपाडा

चिरंजीव कमलेश,
तुज्या आयेचा आशीर्वाद.

इठ्ठलच्या हातची चिठी मिलाली. चवथीपरयंत शिकले, तेवऱ्यान लिवते.

माजं डोलं चांगलं हायेत. आपरेशन गेल्या सालीच झाला. मी तुला वलखला. तू गेटावर आलास तवाच वलखला, तू तुज्या बापासारका चालतंस. तुजा समदा मना म्हाईत हाय. प्रफुल्ल सांगत नाय, पन गावान सांगनारी मानसां कमी हायेत का?

प्रफुल्लनी मना आधीच सांगितलेला, तो दारान दिसला तर मी इलेक्शनान परलो. जगनची पोरां समोर मोबाईल धरून हुबी व्हती. म्हून तोंड वलवला. चाय दिली त्या पोराला मी साखर जास्ती टाकाला सांगितलेली.

बाला, तुजी बायको गेली, पोर गेली, देस गेला. तुज्याकरं आता जायासारका काय रायला नाय. त्याचा अजून हाय. मना ह्याच घरान मराचा हाय, त्याच्याच हातचा पानी प्यायाचा हाय. दोगांतला येकच वाचत आसल तर आयेनी कोनचा वाचवाचा? तू शिकलेला हायेस, तूच सांग.

मतदान होयेपरयंत येव नको. मंग पन येव नको. तो निवरून आला तर लोकां आजून जास्ती बगतील. पुन्ना चिठी धारू नको, इठ्ठलला पन मी तसाच सांगितलाय.

माया हाय. ती लांबूनच घे.

तुजी आय,
गोदा