दोन बोटं कमी पाणी

पनवेल, ४ सप्टेंबर १९९१

तीर्थरूप दाजींना,

कमलाकरचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, तेव्हा मनानेच घातला असं समजा.) तुमचा रक्तदाब आणि सुमतीताईचा पारा दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आम्ही मजेत. वसुंधराने शेजाऱ्यांना पेढेसुद्धा वाटले (नळाला पाणी आलं नाही की धरणवाला म्हणून माझंच दार वाजवतात ते हेच), कारण तुम्ही वर शब्द टाकून माझी बढती आणि मुंबईची बदली पक्की केलीत. तुमचे उपकार मोठे. टेबल मिळेल, हाताखाली आठ माणसं मिळतील. एवढ्यावर माणसाने उड्याच मारायला हव्यात, पण म्हटलं तसा गुडघा धरलाय.

गेल्या महिन्यातला घोळ मात्र माझ्याच तोंडून ऐका, नाहीतर तिखटमीठ लावून येईल. आमच्या धरणाला उघडायचे दरवाजे नाहीत. तलाव भरला की पाणी आपसूक सांडव्यावरून जातं, आणि त्या दिवशी साहेबांनी येऊन खणानारळाने तलावाची ओटी भरायची, अशी आमची रीत. रविवारी संध्याकाळी पाणी सांडव्याला टेकल्यातच जमा होतं. (म्हणजे चार बोटं खाली.) उद्या अकराला भरतोय, असं मी साहेबांना ठाण्याला कळवून मोकळा झालो. मग खालच्या शेतांना जरा पाणी द्यावं म्हणून कालव्याचं दार उघडलं आणि बांधावर टेकलो. दाजी, त्या वेळचं पाणी तुम्हाला कसं सांगू! वारा पडलेला, प्रबळगड अख्खाच्या अख्खा पाण्यात उलटा उतरलेला, वर एक ढग, खाली एक ढग, आणि दोघांनाही कसली घाई नाही. (सोळा वर्षं बघतोय, अजून पोट भरत नाही.) तसाच तंद्रीत घरी आलो. कालव्याचं दार उघडंच राहिलं.

सोमवारी साहेब आले, दोन जीपगाड्या, भटजी, साडी, खण, नारळ. आणि पाणी अजून दोन बोटं खालीच! आमचा चौकीदार जगन सगळ्यांदेखत म्हणाला, "साएब, रातभर कालवा चालू हाय, तलाव भरंल कसा?" (दार बंद करायचा हुकूम नव्हता, आणि हुकमाशिवाय जगन शिंकतही नाही.) मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार लावलं, आणि दोन बोटं पाणी चढायची वाट बघत अख्खं खातं खुर्च्या मांडून बसलं. पहिला तास साहेब माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या तासाला ते पाण्याकडे बघायला लागले. तिसऱ्या तासाला त्यांनी बूट काढले. भटजींचा तर डोळाच लागला. साडेचारला सांडव्यावरून पाण्याचा पातळसा पदर सरकला, जगन ओरडला, साहेबांनी नारळ सोडला आणि मला हळूच विचारलं, इथे रोज असंच असतं का. मी हो म्हटलं. (गुरुवारी त्यांचंच 'कारणे दाखवा' पत्र आलं, ती गोष्ट वेगळी. मी खरं कारण लिहिलं: पाण्याकडे बघत बसलो होतो.)

मुंबईची खोली बघून आलोय. खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते.

तुमचा,
कमलाकर

ता. क. : दाजी, ती ऑर्डर थांबवा. हात जोडतो. बढती नको, टेबल नको. तिथे माझा जीव रमायचा नाही, आतून वाळून जाईन मी.

आणखी ता. क. : हे वसुंधराला कळू देऊ नका. बदलीसाठी तिनेच तुमच्यामागे लकडा लावला होता, मला ठाऊक आहे. सरकारनेच रद्द केली असं वाटू दे तिला.

शेवटचा ता. क. : दाजी, मी वसुंधरा. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, तेही न चिकटवता. लकडा मीच लावला होता, खरंय. पण गेल्या रविवारी डबा द्यायला पहिल्यांदाच धरणावर गेले. कुठल्या झाडाची सावली किती वाजता पाण्यात येते, बदकं कुठल्या बाजूने उतरतात, दोन तास हे सांगत होते. लग्नाला सतरा वर्षं झाली, हा माणूस माझ्याशी सलग इतकं कधीच बोललेला नाही. ऑर्डर थांबवा. मला येत्या रविवारीही डबा घेऊन जायचंय.