टाकीचं पोट

४ मार्च
लेकीचा फोन. म्हणाली, आई, आता हट्ट पुरे. महिनाअखेरीला येते आणि तुला घेऊन जाते. घर भाड्याने देऊ, परसातली टाकी बुजवून टाकू. मी शांतपणे सांगितलं की गोबरगॅसची टाकी म्हणजे पोट असतं. तिला रोज माझ्या हातचं लागतं. मी चार दिवस हलले तर ती मरेल. लेक म्हणाली, गॅस तरी येतोय का? म्हटलं, भरपूर. ती म्हणाली, मग मी आले की त्या गॅसवर चहा कर. झाला तर राहा इथेच. नाही झाला तर बॅग भर.
चहाच करायचा आहे. त्यात काय.
(ज्योत आठवडाभर जरा मंद आहे. हवा बदलली की होतं तसं.)

५ मार्च, सकाळ
टाकी ह्यांनी स्वतः बांधली. खाली सिमेंटचा खड्डा, त्यात शेण आणि खरकटं. वर उलटा लोखंडी ड्रम. आत कुजलं की गॅस धरतो, ड्रम वर उचलला जातो, गॅस नळीने शेगडीला येतो. ड्रमवर ह्यांनी लाल रेघ मारून ठेवली आहे. रेघ दिसली की गॅस पुरेसा. आज रेघ दिसत नाही.
कारण उघड आहे. भूक. आजपासून एका बादलीऐवजी तीन.
संकल्प: अंदाजपंचे काही करायचं नाही. सगळं शास्त्राने.

७ मार्च
ह्यांचं पुस्तक काढलं. माझी शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. नऊ प्रकरणं वाचून काढली. दहावं सोडलं, त्याचं नाव 'टाकीचे आजार'. आजारपण मी गेलं वर्षभर उशाशी बसून पाहिलं आहे. त्यावर आणखी काय वाचायचं.

९ मार्च
खानावळवाल्याशी बोलून घेतलं. उरलेला भात, शिळे पाव, फळांच्या साली रोज माझ्याकडे येणार. तो म्हणाला, काकू, एवढं कुणासाठी? म्हटलं, घरातच एक खाणारं आहे. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि एक डबा जास्तीचा दिला.

१२ मार्च
ड्रम आणखी खाली. परसात आंबूस वास. शेजारचा गोठेवाला शेण घेऊन आला आणि नाकाला रुमाल लावून म्हणाला, वहिनी, हिला आंबट ढेकरा येतायत, थोडे दिवस उपाशी ठेवा. म्हटलं, तुमच्या म्हशीला ठेवता का उपाशी? म्हणाला, पोट बिघडलं की ठेवतो. वर म्हणाला, आणि चार दिशांना चार लिंबं पुरा. हे ह्याचं शास्त्र.
म्हैस वेगळी, टाकी वेगळी. माझ्या घरात कुणी उपाशी राहणार नाही. शेवटी शेवटी ह्यांच्या घशाखाली चमचाभर पाणी उतरत नव्हतं. मी वाटी घेऊन बसून असायचे. तेवढं पुरे झालं.
पाच बादल्या.

१६ मार्च, दुपारी
शेगडी लावून पाहिली. फुस्स. काडी विझली. दुसरी, तिसरी, तीच गत. काडेपेटी दमट असावी. नवी आणली. तीही दमट निघाली. हल्ली माल चांगला येतच नाही.

१९ मार्च
लेकीचा फोन. रजा मंजूर झाली. भाडेकरूही बघून ठेवलाय म्हणे, नवराबायको, शांत आहेत. विचारलं, टाकी कशी आहे? म्हटलं, खातेय छान. खोटं नाही ते. जेवढं घालते तेवढं आत जातं.
 

२१ मार्च
एक सोय करून ठेवली. सिलिंडर ओट्याखाली सरकवला, पुढे गोणपाट. त्याची नळी टाकीच्या शेगडीला. ही फसवणूक नव्हे. शब्द चहाचा दिला होता, चहा होईल.
संध्याकाळी नळी काढून टाकली. ती शेगडी ह्यांनी बसवलेली आहे.
सात बादल्या.

२४ मार्च
सातवी बादली ओतताना टाकीच्या कडेवरून पाय घसरला. मनगट मोडलं. गोठेवाल्याने दवाखान्यात नेलं आणि लेकीला कळवलं, न विचारता. ती रात्रीच आली. चहाचं नाव काढलं नाही. बॅग तिनेच भरली. एका हाताने मी किती ओढणार.
निघताना गोठेवाल्याला बजावलं: रोज तीन बादल्या, आणि टाकीशी चार शब्द बोलायचे. तो लगेच हो म्हणाला. तेच खटकलं.

२ एप्रिल, लेकीकडे
टाकी एव्हाना गेली असेल. जेवण जात नाही. लेक वाटी घेऊन समोर बसून राहिली. आई, दोन घास, म्हणाली. मी भिंतीकडे बघत राहिले.
दोन घास खाल्ले. तिच्यासाठी.

१४ एप्रिल
टाकी बुजवण्याआधी एकदा बघायला नेलं. मन घट्ट करून परसात गेले. ड्रम ताठ उभा. लाल रेघ दिसत होती, तिच्याखाली आणखी वीतभर ड्रम.
गोठेवाल्याला विचारलं, किती बादल्या घातल्या? तो कान खाजवत म्हणाला, रागावू नका वहिनी, एकही नाही. म्हटलं, बोललात तरी का? म्हणाला, एकदा. सुटलीस म्हणालो.
लेकीने काडी ओढली. ज्योत निळी, न हलणारी. चहा झाला. लेक अर्धा कप प्यायली आणि खाली बघत म्हणाली, झाला गं आई. पण तू नसताना झाला.
मी म्हटलं, साखर कमी पडली.
टाकी बुजवायची नाही, असं ठरलं. भाडेकरू वापरतील. ते एक तारखेला येतायत. त्यांना सांगायला हवं की तिला माझी सवय आहे, सांभाळून घ्या.
लेक कुलूप शोधत होती तेवढ्यात परसात जाऊन एक बादली घालून आले. अर्धीच. कुणाला उपाशी ठेवून मला निघता येत नाही.