शिंप्याची कंबर आणि तपासणीची डबी

तर आधी आली ती उंच नर्सबाई, तिच्यामागून बुटकी, आणि आपले चिरंजीव दुकानाच्या मागच्या दाराने पसार. (थांब, आधी आशीर्वाद घे. धाकटे, तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? पत्राला उशीर झाला म्हणून रुसू नकोस, इथे कारणंच तशी झाली.)

त्या दोघी दवाखान्याच्या. पन्नाशी ते सत्तरीतल्या माणसांच्या आतड्याची घरोघर तपासणी चालली आहे. सुनेने त्याला कापडाच्या गठ्ठ्यामागून ओढून आणलं. म्हणतो कसा, माझं पोट सुटलेलं नाही, ही बघा लग्नातली पँट, अजून बसते. उंच बाईंनी कमरेची पट्टी उलटी केली. आत काय, तपकिरी तुकडा, त्याला करड्याचा जोड, त्याला निळ्याचा! सगळ्या गावाची मापं दोऱ्याइतकी अचूक घेणारा हा शिंपी, पण स्वतःचं माप याने कधी घेतलंच नाही. घट्ट झालं की गुपचूप उसवायचं आणि पट्टी जोडायची. (काम मात्र सुबक हो. बुटकीनेही टाके वाखाणले.)

मग बाईंनी समजावलं. मला कळलं तेवढं सांगते. पोटावरची चरबी नुसती बसून खात नाही म्हणे, आत उद्योग करते. शरीराला सारखं वाटत राहतं की कुठेतरी जखम आहे, आणि एक बारीक सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते, दुखत नाही की खुपत नाही. आतड्याला आतून अस्तर असतं, ते झिजतं नि नवं होतं. त्यात ही सूज, म्हणजे दुरुस्तीला उसंत नाही. मग एखादा टाका चुकतो, तिथे गाठ धरते, आणि काही गाठींचा पुढे कॅन्सर होतो. जाड माणसाला होतोच असं नाही, सडपातळ सुटतोच असंही नाही. धोका मात्र वाढतो. त्यातून याच्या वडिलांना याच दुखण्याने नेलं, ते तू बघितलंसच.

शौचाचा नमुना घालायला त्याच्या नावाची डबी देऊन त्या गेल्या. डबी बटणांच्या खणात पडून. रोज विचारावं, तर रोज उद्या. शेवटी स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाला, "आई, तू दे ना. तू काडीसारखी, तुझं चांगलंच येणार. एकदाची यांची कटकट मिटेल."

पन्नाशीचा बाप्या! मी खूप बोलले. (आणि मग दिली. लहानपणापासून याचं काय काय मी केलं नाही, त्यात हेही. पुढचं विचारू नकोस.)

काल दोघी परत आल्या. नमुन्यात रक्त सापडलं. कॅन्सरच असेल असं नाही, साधी मूळव्याधही असेल, पण नळी घालून आतून बघायलाच हवं म्हणाल्या. सून मटकन खाली बसली. आणि हा गं, हा हसला. "वाचलो," म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. हसू होतं तिथेच राहिलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रात्री जेवला नाही. जन्मात पहिल्यांदा.

त्या निघायच्या आतच मी बाईंना सगळं खरं सांगून टाकलं होतं. बुटकी तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळली. उंच मात्र हसली नाही; नवी डबी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

बाकी सगळं ठीक. भावजींना नमस्कार.

तुझी,
ताई

ता. क. मी अट घातली आहे. याने स्वतःची डबी स्वतः भरल्याखेरीज मी त्या नळीखाली झोपणार नाही. तो म्हणतो, आधी तू. आम्ही दोघंही हटत नाही. सून आता दोघांशीही बोलत नाही.

आणखी एक. त्याच्याशी मी जोरात बोलते, पण मला फार भीती वाटते गं. हे घरात कुणाला म्हणू नकोस. तो मावशीला घाबरतो, तू नुसती दारात उभी राहिलीस तरी मुकाट्याने डबी घेऊन आत जाईल. आणि मी दवाखान्यात गेले की शेजारी बसायला मला तूच हवीस. बुधवारीच ये. नर्सबाई गुरुवारी सकाळी डबी न्यायला येणार आहेत.